क्वांटाइझवर खापर फोडण्याआधी

लालबाग-परळच्या बेंजो आणि ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सीक्वेन्सरवर, म्हणजे ठोके नोंदवून परत वाजवणाऱ्या यंत्रावर, रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांची वेळ नंतर सुधारू नका, असं त्याचं म्हणणं. कारणं चार दिलीत: क्वांटाइझ केलं, म्हणजे ठोके आपोआप वेळेच्या जवळच्या रेघेवर ओढले, की कोळीगीताचा ठेका मरतो, स्विंग म्हणजे नकली लय, हात चुकला तर पुन्हा वाजवावं आणि एकदा सुधारलं की मूळ वादन परत मिळत नाही. गणपतीच्या तालमींच्या तोंडावर नवी पोरं हे वाचून क्वांटाइझचं बटणच बंद ठेवायला लागलीत, म्हणून लिहितोय.

ठेका मरतो, हे खरंच घडतं. पण कशाने? कोळीगीताचा ठेका सहा-आठचा, म्हणजे प्रत्येक मोठ्या ठोक्याचे तीन समान भाग. एमपीसी ६० या सीक्वेन्सरवर एका ठोक्याचे ९६ बारीक भाग, म्हणजे टिक, असतात, तेव्हा ४/४ मध्ये लावलेल्या सीक्वेन्सवर हे तीन आघात ०, ३२ आणि ६४ वर पडतात. टायमिंग करेक्ट (एमपीसीवरचं क्वांटाइझ) जर १/१६ वर, म्हणजे ठोक्याच्या चार भागांवर, असेल तर ग्रिडच्या रेघा ०, २४, ४८ आणि ७२ वर येतात. मशीन जवळची रेघ शोधतं: ३२ चा आघात २४ वर जातो, ६४ चा ७२ वर. एक ८ टिक लवकर, दुसरा ८ टिक उशिरा. टेम्पो १२० असेल तर ८ टिक म्हणजे जवळपास ४२ मिलिसेकंद. एवढा फरक कोणालाही ऐकू येतो, नाचणाऱ्याच्या पायाला तर आधी कळतो. ग्रिड १/८ ट्रिपलेटवर, म्हणजे ठोक्याच्या तीन समान भागांवर, न्या, रेघा बरोबर ०, ३२, ६४ वर येतात आणि ठेका उभा राहतो. बटण तेच, वादनही तेच.

ग्रिड बरोबर असलं तरी सगळं रेघेवर ओढायचं नसतं, हेही सांगायला हवं. फ्लॅममधले, म्हणजे अगदी लागोपाठ पडणारे, दोन ठोके एकाच टिकवर आले की तो फ्लॅमच राहत नाही. ढोलकीच्या घिश्शाचा (घासून काढलेल्या आवाजाचा) सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, हळू उठतो, त्यामुळे अचूक रेघेवर ठेवला तरी कानाला मागे पडल्यासारखा वाटतो. त्याला काही टिक पुढे, म्हणजे आधी, सरकवावं लागतं. हे सरकवणंही टायमिंग एडिटिंगच आहे, आणि ते कानानेच करायचं काम आहे.

स्विंगबद्दलचा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. ड्रम मशीन घडवणाऱ्या रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये आणि पुढे १९८८ च्या एमपीसी ६० मध्ये तो दिला, तो ठोके सरळ रेषेत कोंबले जाऊ नयेत म्हणूनच. जोडीतला दुसरा ठोका किती उशिरा यावा, एवढंच तो ठरवतो: ५० टक्के म्हणजे समान अंतर, ६६ च्या आसपास ट्रिपलेटची चाल.

पुन्हा वाजवा, हा सल्ला अख्खा बार ढिला पडला असेल तर योग्यच. पण लूपमध्ये सम केसभर आधी वाजली की ती नोट लूपच्या शेवटी नोंदली जाते. पहिल्या फेरीत समेवर काहीच ऐकू येत नाही. एका नोटेसाठी चांगला टेक का फेकायचा? ऑक्टोपॅडवरून (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरून) आलेला सगळा ट्रॅकच सारखा मागे असेल तर त्यात हाताचा दोषच नाही, तो ट्रॅक शिफ्ट करा, म्हणजे अख्खा आधी सरकवा.

राहिला चौथा मुद्दा, तो अर्धा खरा आहे. एमपीसी ६० वर टायमिंग करेक्ट चालू ठेवून रेकॉर्ड केलंत तर नोट सुधारलेल्या जागीच साठते, मूळ जागा हरवते. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ते ऑफ ठेवा, ट्रॅकची कॉपी करा, मूळ ट्रॅक म्यूट करा आणि सुधारणा कॉपीवर करा. डिजिटॅक्ट या दुसऱ्या सीक्वेन्सरवर ट्रिग (त्या ठोक्याचं बटण) दाबून धरून बाणाच्या बटणांनी एकेक ठोका मागेपुढे करता येतो, आणि नाही आवडला तर तसाच परत आणता येतो.