‘जितके अश्रू, तितकी क्षमा’ असं बायबल सांगत नाही

राखेचा बुधवार आला की इंदूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, ४० दिवस म्हणजे स्वतःला शिक्षा करण्याचे दिवस. जितके अश्रू, तितकी क्षमा. हसू नका, रंग खेळू नका, आवडीचं काही तोंडात घालू नका. एवढं केलंत की ईस्टरला पाटी कोरी. पाठवणारी माणसं श्रद्धेनेच पाठवतात, त्यातली काही आमच्या घरातलीच आहेत. पण हेच खरं मानून मी बरीच वर्षं नुसती रडत राहिले, म्हणून लिहिते आहे.

‘पश्चात्ताप म्हणजे शिक्षा.’ आपल्या शब्दातच ताप आहे, तोही पश्चात्, घडून गेल्यानंतरचा. त्यामुळे मन आपसूक मागे जाऊन पोळत बसतं. पण आम्ही इंदूरकर घरी मराठी बायबल वाचतो आणि उपासना हिंदीत ऐकतो. येशूचं जे वाक्य घरी ‘पश्चात्ताप करा’ असं असतं, तेच चर्चमध्ये ‘मन फिराओ’ होतं. लहानपणी मला या दोन वेगळ्या आज्ञा वाटायच्या. मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. जुन्या करारातला हिब्रू शब्द शूव तर त्याहून साधा: परत फिर. वाट चुकलेल्याला आपण हेच सांगतो, त्याला मारत नाही. लॅटिन बायबलमध्ये याच ठिकाणी ‘प्रायश्चित्त करा’ असा अर्थ घेतला जाई. धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५१७ साली मांडलेल्या ९५ मुद्द्यांपैकी पहिलाच याबद्दल आहे: येशूला विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच मन फिरवण्याचं हवं होतं. म्हणजे ४० दिवसांत उरकायचं हे काम नव्हे.

‘जितके अश्रू, तितकी क्षमा.’ लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्र बापाची संपत्ती उडवून परत फिरतो, तो घरी बोलायचं वाक्य घोकूनच निघतो. पण मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो. ‘मला चाकरासारखं ठेव’ हा घोकलेला शेवटचा भाग मुलाच्या तोंडून निघतच नाही. त्याआधी झगा, अंगठी, जोडे आणायला सांगून झालेलं असतं. किती रडलास, हे बापाने विचारलेलं नाही. आणि येशूला ३० नाण्यांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत आठवा. पस्तावा त्यालाही झाला, ती नाणी त्याने परत नेऊन टाकली. पण ही गोष्ट लिहिणाऱ्या मत्तयाने तिथे मेटानोइयाचं क्रियापद वापरलेलं नाही, दुसरं वापरलं आहे. यहूदा स्वतःलाच शिक्षा देऊन संपला. येशूला ओळखत नाही असं म्हणणारा शिष्य पेत्रही ओक्साबोक्शी रडला, पण तो परत आला.

अश्रू फुकट असतात असं मी म्हणत नाही. ५१वं स्तोत्र भग्न हृदयातूनच आलं आहे. पण त्यात दावीद राजा मागतो ते शुद्ध हृदय, आणि ‘उत्पन्न कर’ यासाठी तिथे तोच हिब्रू शब्द आहे जो उत्पत्तीच्या पहिल्या ओळीत आकाश आणि पृथ्वीसाठी येतो. डागडुजी नव्हे, नवी निर्मिती. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही लेंटचे दिवस ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचे असत.

हसण्याबद्दल फार लिहायला नको. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असं येशूनेच सांगितलं आहे. इंदूरच्या राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बहुतेक वर्षी याच दिवसांत येते. शेजारच्या मुलांनी गालाला गुलाल लावला तर लेंट मोडत नाही.

खाणंपिणं सोडायला माझी हरकत नाही. मी स्वतः चहा सोडते, आणि सकाळी सातला मन किती हट्टी आहे ते कळतं. पण यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं आणि आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं.

राहिली कोरी पाटी. आमच्या वरच्या खोलीत एक काकू भाड्याने राहायच्या. त्यांनी खोली सोडली तेव्हा भिंती खराब झाल्या म्हणून मी डिपॉझिटमधले ४,००० रुपये कापले. रंगकाम २,००० रुपयांत झालं. पुढची तीन वर्षं प्रत्येक लेंटमध्ये मी त्यासाठी गुडघे टेकून रडले, आणि पैसे माझ्याच कपाटात राहिले. बायबलमधल्या जकातदार जक्कयाची गोष्ट तोंडपाठ होती. तो येशूपुढे रडल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. तो उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट.

चौथ्या वर्षी मी सुखलियाला त्यांच्या घरी गेले. पाकीट पुढे केलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. काकूंनी नोटा बाहेर काढून सावकाश मोजल्या. “मला तेव्हाच वाटलं होतं गं, एवढे लागले नसणार,” म्हणाल्या. मग उठून आत गेल्या आणि चहा टाकला. मी लेंटसाठी चहा सोडला होता. त्यांनी कप पुढे केला, मी तो पूर्ण प्यायले.