तास भरा, तळवे फिरवा

परिचर्या परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी 5 वर्षांत निरंतर शिक्षणाचे 150 तास भरावे लागतात, हे परिचारिका भगिनींना सांगायला नको. ते विज्ञानाची कटकट न होता कसे भरावेत, याचे ज्ञान गेल्या रविवारी नाईट उतरून थेट वाशीच्या एका सभागृहातल्या कार्यशाळेत मी फी भरून मिळवले. तुम्हांला ते फुकट देते.

पहिले म्हणजे, प्रश्न विचारू नयेत.

दुसरे, रुग्णाला हात न लावता बरे करावे. तळवे त्याच्या अंगापासून चार बोटे वर धरून डोक्यापासून पायांपर्यंत फिरवावेत आणि बिघडलेली ऊर्जा बोटांनी झटकून टाकावी. (ही ऊर्जा रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायची की लाल, याचा खुलासा झाला नाही.) हा 'स्पर्शोपचार' 1972 मध्ये अमेरिकेत डोलोरेस क्रीगर या परिचर्येच्याच प्राध्यापिकेने डोरा कुन्झ या थिऑसॉफिस्ट, म्हणजे गूढ अध्यात्म मानणाऱ्या पंथातल्या, बाईंच्या साथीने सुरू केला, हे व्याख्यात्या बाईंनी अभिमानाने सांगितले. एमिली रोझा या शाळकरी मुलीने वयाच्या नवव्या वर्षी त्याची परीक्षा घेतली, हे मात्र त्या विसरल्या. पडद्यापलीकडून आपल्या कोणत्या तळव्यावर तिचा हात आहे, एवढेच 21 उपचारकांना ओळखायचे होते. 280 पैकी 123 वेळा जमले, म्हणजे डोळे झाकून ठोकून दिले असते तरी याहून बरे जमले असते. हे 1998 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आले, आणि आम्ही अजून तळवेच फिरवतो आहोत! आणि या कार्यशाळेच्याच आठवड्यात वॉर्डात नव्याने लागलेली मुलगी पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल सिरिंजमध्ये भरून, ती सलाईनमध्ये मिसळायची की थेट शिरेत द्यायची, हे मला मध्यरात्री विचारत होती. थेट दिले तर हृदय बंद पडते, हे तिला कोणत्या कार्यशाळेत सांगणार आहात?

तिसरे, जेवण उत्तम होते.

आयोजकहो, आता सरळच बोलते. आमचे ऑफ आणि आमचे पैसे घेऊन तुम्ही आम्हांला भोंदूगिरी शिकवता, आणि तिच्यावर तास भरल्याच्या क्रेडिटचा शिक्का मारता, याची तुम्हांला लाज वाटायला हवी. आणि मागच्या रांगेत मोबाइल पाहत बसलेल्या सीनियर सिस्टरांनो, 'तास तर भरले ना' म्हणून सही करून निघून जाणाऱ्या तुम्हीच हा धंदा चालू ठेवला आहे. पुढच्या वेळी फी भरण्याआधी विषयपत्रिका मागा, आणि त्यात ऊर्जा झटकायचा तास दिसला तर तसे लेखी कळवून पैसे भरायला नकार द्या.