दीड वाजता स्वयंपाकघरात दिवा

लेकीला विचारून, तिला वाचून दाखवून ही पोस्ट टाकतेय.

ती दहावीत होती तेव्हा रात्री दीड-दोनपर्यंत जागी असायची. समोर पुस्तक उघडं. मी नातेवाइकांना कौतुकानं सांगायचे, "फार मेहनत घेते हो." त्याच वर्षी ती बारीक होत गेली आणि त्याचंही कौतुकच झालं. गणपतीत घरी आलेली प्रत्येक बाई विचारायची, "काय छान बारीक झालीस गं, काय करतेस?" ती हसायची आणि तिचा मोदक हळूच माझ्या ताटात सरकवायची.

न झोपणं आणि न खाणं ही एकाच दुखण्याची, ॲनोरेक्सिया या खाण्याच्या आजाराची, लक्षणं आहेत, हे कळायला मला आठ महिने लागले.

आधी एक पोळी कमी झाली. मग भात बंद, मग भाजीवरचं तेल नको. संकष्टी धरली, मग सोमवार, मग गुरुवार. पोरगी देवाधर्माचं करते म्हणून मला बरंच वाटलं. आपल्याकडे उपासाला कोणी प्रश्न विचारत नाही. पण साबुदाण्याची खिचडी जिला जीव की प्राण, ती उपासालाही नुसतं ताक पीत होती, हे माझ्या डोळ्यांना दिसूनही दिसलं नाही. शिवाय ती आमच्यासाठी भरपूर करायची. केक, पास्ता, डोशांचे प्रकार. रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात दिवा लावून डब्यांची झाकणं उघडून बघायची, वास घ्यायची, परत लावायची. झोप येत नाही तर फोनवर पाककृतींचे व्हिडिओ. जिला खाण्याचं एवढं वेड, तिला खाण्याचा आजार कसा असेल, असंच मला वाटे.

नंतर मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि पोटात खड्डा पडला. 1944-45 मध्ये तिथे 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन साधारण चतुर्थांश उतरलं. हे चांगले हसते-खेळते पुरुष चिडचिडे झाले, खिन्न झाले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली आणि कित्येक जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. माझी लेक मे महिन्यात गोधडी घेऊन बसायची. म्हणजे तिचं ते वेड हे आवड नव्हतीच. ती भूक होती.

भुकेल्या शरीराला झोप लागत नाही, हेही मला तेव्हाच समजलं. मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक रसायन असतं. ते भूकही चेतवतं आणि जागंही ठेवतं. अन्न मिळालेलं नाही तर झोपू नकोस, शोधायला ऊठ, असा तो जुना हुकूम आहे. त्याचं नाव भुकेच्या ग्रीक शब्दावरून आलंय. ॲनोरेक्सिया या शब्दातही तोच ग्रीक शब्द आहे, अर्थ 'भूक नसणे'. नाव फसवं आहे. माझ्या लेकीला भूक होती. भूक लागली की तिला भीती वाटायची.

पाळी चार महिने आली नाही, तर "परीक्षेचा ताण" म्हणून टॉनिक मिळालं. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी फक्त मनगट धरलं. नाडी मिनिटाला 46. त्यांनी त्याच दिवशी दाखल करायला सांगितलं. मी झोपेची गोळी मागितली, तर म्हणाल्या, "आधी अन्न. झोप त्याच्या मागून येईल." अन्नही एकदम भरभरून नाही, कारण उपाशी शरीराला अचानक खूप दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं.

घरी आल्यावर तीन जेवणं, तीनदा मधलं खाणं, आणि प्रत्येक वेळी मी किंवा तिचे बाबा शेजारी. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेली ही पद्धत. आईबापांना दोषी न धरता त्यांच्याच हाती ताट देते. सोपं नव्हतं. एका वरणभातावर दीड तास गेलाय. ताटं आपटली गेली आहेत. एकदा रडत म्हणाली, "आई, मला खायचंय गं, पण हात उचलत नाही." त्यानंतर तिला "नखरे" हा शब्द मी कधी वापरला नाही.

शाळेबद्दल मात्र बोलणारच. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं रसायन रात्री उशिरा वाढू लागतं, म्हणून या मुलांना लवकर झोप येत नाही. हा आळस नाही. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप हवी. आपल्या राज्यानं 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, छानच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरंच पुढे सरकलेलं असतं ती आठवी-नववी-दहावीची मुलं कित्येक ठिकाणी अजून सातला वर्गात बसतात, आणि त्याआधी क्लास. कॅलिफोर्नियात 2022 पासून मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरत नाही.

आणि फक्त बारीक मुलींकडे बघू नका. जेवून लगेच उलटी काढायला बाथरूममध्ये जाणारी, बोटांच्या सांध्यांवर व्रण असलेली मुलगी वजनानं अगदी नेहमीसारखी असू शकते. जिमच्या नादात पोळी-भात सोडलेला मुलगाही असू शकतो. शंका आली तर थांबू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

लेक आता अकरावीत आहे. पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही. साडेनऊला दूध घेते, बहुतेक रात्री अकराच्या सुमारास झोपते. घरी कोणी येणार असलं की मी आदल्या दिवशी फोन करते: तिच्या तब्येतीवर काही बोलायचं नाही, "भरलीस गं" हेसुद्धा नाही. मागच्या रविवारी माझी मावशी आली. दारातच म्हणाली, "तुझ्या हातचा चहा प्यायला आलेय बाई." लेकीनं दोन कप केले, साखर घालून.