काकांचा सीरिज बल्ब आणि माझी ३५ हजारांची यादी

काका,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली आणि जुना मीटर कपाटातून काढून टेबलावर बसलो. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरी इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल मांडायचं तर काय घ्यावं, याची मी एक यादी दिली होती: चांगला मल्टिमीटर ४,०००, सोल्डरिंग स्टेशन ३,०००, बेंच पॉवर सप्लाय ६,०००, डिजिटल ऑसिलोस्कोप (स्कोप, म्हणजे व्होल्टेज कसं बदलतंय ते पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र) २२,०००. त्यावर काकांनी लिहिलं, "माझं वय ७१. सिंहगडाच्या टॉवरवरून टीव्ही दिसायला लागला तेव्हापासून दुरुस्ती करतोय. एक काट्याचा मीटर, २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न आणि सेटच्या सप्लायच्या वाटेत सीरिजमध्ये १०० वॉटचा बल्ब, एवढ्यावर संसार झाला. तुम्ही पोरांना ३५ हजारांची भीती घालताय. दोनशे रुपयांचा मीटर घ्या म्हणायला काय होतं? की दुकानदाराकडून काही मिळतं?"

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, मी गेली वीस वर्षं जातोय आणि तिथल्या एकाही दुकानदाराने मला आजवर चहा विचारलेला नाही. उलट "सुट्टे द्या" म्हणतात. गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून आता मंडईला मेट्रोने उतरून चालत जातो, त्या तिकिटाचे पैसेसुद्धा माझेच.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. ती यादी चुकली. वस्तू चुकल्या नाहीत, पण त्या एका खाली एक लिहिल्या आणि खाली बेरीज मारली, ते चुकलं. ती माझ्या आजच्या टेबलाची यादी होती, आणि ते टेबल भरायला मला अकरा वर्षं लागली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा मुलगा ती बेरीज बघून बापाकडे जाणार कसा? वर स्कोप घेऊन बसला तर आधी कळस मग पाया. हे मान्य.

पण "दोनशेचा मीटर घ्या" एवढ्यावर मी सही करणार नाही, आणि त्याचं कारण ऐकीव नाही.

२००६ साली मी शनिवार पेठेत एका वाड्यात खोली घेऊन राहत होतो. माझ्याकडे तोच पिवळा, ८३० नंबरचा, दोन-अडीचशेचा मीटर होता. दुपारी एका बॅटरीचा करंट मोजला होता, त्यासाठी लाल लीड १० अँपिअरच्या भोकात घातलेली. संध्याकाळी खोलीतल्या सॉकेटला सप्लाय येतोय का बघायचं होतं. नॉब फिरवून ७५० व्होल्ट एसीवर आणला, लीड बदलायचं राहिलं. दोन्ही टोकं सॉकेटमध्ये घातली.

त्या भोकाच्या आत काय असतं तुम्हाला माहीत आहेच: जाड तारेचा एक तुकडा, एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा. म्हणजे मी फेज आणि न्यूट्रल सरळ जोडले. भोकाशेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, तेही नंतर. वाड्यातल्या किटकॅट फ्यूजमध्ये कोणा शहाण्याने वारंवार उडतो म्हणून जाड तार घातली होती, त्यामुळे तोही लगेच उडाला नाही. वायरिंगचा सगळा मिळून अर्धा ओहम धरला तरी २३० व्होल्टला ४६० अँपिअर होतात. निळा-पांढरा जाळ, तांब्याचा वास, आणि हातात उरलेल्या लाल प्रोबचं धातूचं टोकच नाही. सॉकेटवर पंजाएवढा काळा डाग. डोळे मिटले म्हणून वाचलो, अंगठ्यावरची खूण अजून आहे. शेजारच्या आजी दारात येऊन म्हणाल्या, "काय रे, दिवाळीला वेळ आहे अजून."

आता तुम्ही म्हणाल, चूक तुझी. शंभर टक्के माझी. पण नवशिका ही चूक करणारच, आणि बऱ्या मीटरमध्ये याच चुकीसाठी सोय केलेली असते. त्यात १० अँपिअरच्या वाटेवरही फ्यूज असतो, आणि तो काचेचा नसतो. सिरॅमिकच्या नळीत वाळू भरलेली असते. काचेच्या फ्यूजची तार वितळली तरी मोठ्या करंटला आत ठिणगीची वाट चालू राहू शकते, काच फुटू शकते. वाळू ती ठिणगी तिथल्या तिथे विझवते. मीटरवर 'कॅट ३, ६०० व्होल्ट' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ घरातल्या बोर्डापर्यंतच्या वायरिंगवर येणारे झटके सोसण्यासाठी तो बांधलाय असा. अर्थात छापायला काय लागतं! स्वस्तातल्या कित्येक मीटरवर कॅट ३ छापलेलं असतं आणि मागचे स्क्रू काढले की आत काचेचा फ्यूज दात विचकत असतो. म्हणून दुकानात झाकण उघडून दाखवा म्हणायचं. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

तेव्हा माझं म्हणणं आता असं मांडतो: दोनशेचा मीटर जरूर घ्या, पण तो ९ व्होल्टच्या बॅटरीपासून अ‍ॅडॉप्टरच्या १२ व्होल्टपर्यंतच. त्या हद्दीत तो झकास आहे, आकडेही बऱ्यापैकी खरे दाखवतो. माझ्याकडे असे दोन आहेत, एक व्होल्ट बघायला आणि एक करंट. मात्र भिंतीतल्या सॉकेटला तो लावायचा नाही. तिथे जायची वेळ येईल तेव्हा पैसे साठवून बरा मीटर घ्यायचा. तोवर घरात काही बघायचं असेल तर वायरमनला बोलवायचं.

काट्याच्या मीटरबद्दल. मी तो कमी लेखलेला नाही. कपॅसिटर चार्ज होताना काटा उडी मारून हळूहळू परत येतो, ते बघून जे कळतं ते आकड्यांच्या मीटरवर कळत नाही, तिथे नुसता आकड्यांचा पाऊस पडतो. शिवाय ओहमच्या रेंजवर काट्याच्या मीटरची काळी लीड पॉझिटिव्ह असते, हे माहीत नसलेली पोरं चांगला डायोड उलटा म्हणून फेकतात. ते तुम्ही कोणाला शिकवलंत तर माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त काम होईल.

पण हा प्रयोग करून बघा. परवा मी टेबलावर बसून हाच केला. एक-एक मेगओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये, त्यांना ९ व्होल्टची बॅटरी. मध्ये ४.५ व्होल्ट असायला हवेत. स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम असलेल्या डिजिटल मीटरने दाखवले ४.२८. आता काट्याचा मीटर, २० हजार ओहम पर व्होल्टचा, १० व्होल्टच्या रेंजवर. म्हणजे मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स २ लाख ओहम, आणि तो खालच्या रेझिस्टरला समांतर जाऊन बसला. काटा सव्वा व्होल्टच्या जरासा पुढे थांबला, गणिताने १.२९ येतात. मीटर बिघडलेला नव्हता, त्याने खरंच तिथे १.२९ करून ठेवले होते आणि मग इमानदारीत तेच सांगितले. व्हॉल्व्हच्या आणि जुन्या ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये कंपनीचं सर्किट डायग्रॅमच "अमुक मीटरने मोजलेले व्होल्टेज" म्हणून आकडे द्यायचं, त्यामुळे तुमचं कधी अडलं नाही. आजच्या मुलाला ही चूक कुठून आली तेच कळणार नाही.

डिजिटलवालेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. एका गुरुवारी वीज गेली होती, शेजाऱ्यांनी हाक मारली की इन्व्हर्टर २५५ व्होल्ट देतोय, टीव्ही जळेल. इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा. साधा मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, आणि ते गुणणं फक्त साइन वेव्हला लागू पडतं. २३० गुणिले १.११, झाले २५५. ट्रू आरएमएस मीटर (वेव्ह कशीही असली तरी खरा आकडा देणारा) लावला, बरोबर २३०. शेजाऱ्यांनी तरीही टीव्ही बंदच ठेवला.

आता तुमचा सीरिज बल्ब. याबद्दल मी लेखात अवाक्षर काढलं नव्हतं, आणि ती माझी खरी चूक. बेंच पॉवर सप्लाय मी का घ्या म्हणत होतो? त्यातल्या करंट लिमिटसाठी. आयसी उलटी बसवली तरी ५० मिलिअँपिअरच्या पुढे करंट जाऊ द्यायचा नाही, म्हणजे धूर निघत नाही. तुमचा बल्ब मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टवर, तेच करतो. १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. सेट ठीक असेल तर बल्ब नुसता मिणमिणतो आणि जवळजवळ सगळा सप्लाय पुढे सोडतो. आत शॉर्ट असेल तर भक्कन पेटतो आणि एकदा तापला की ०.४३ अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. फ्यूज वाचतो, एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज वाचतो. सहा हजारांच्या डब्यातली कल्पना तुमच्याकडे होल्डरसकट शंभर रुपयांत होती. (एलईडी बल्ब लावून "सीरिज लॅम्प चालत नाही" म्हणणारे दोघे मला गेल्या वर्षात भेटले. फिलामेंटचाच लागतो, बाबांनो.)

कमी व्होल्टेजलाही हीच युक्ती जमते. एक एलएम३१७ (तीन पायांची व्होल्टेज रेग्युलेटर आयसी) आणि एक रेझिस्टर. त्याचे १.२५ व्होल्ट भागिले रेझिस्टर म्हणजे करंट, तेव्हा २७ ओहमला साधारण ४६ मिलिअँपिअर. जुन्या अ‍ॅडॉप्टरच्या पुढे हे जोडलं की मुलाचा सप्लाय झाला. दोन-तीन व्होल्ट त्यात खर्च होतात, ते धरून अ‍ॅडॉप्टर निवडायचा. सहा हजार वाचले. ही दुरुस्ती मी लेखात केली आहे.

आयर्नवर वाद नाही. २५ वॉटचा साधा पुरतो, फक्त तीन पिनचा घ्या आणि ६०-४० चं सोल्डर घ्या. पहिले शंभर डाग कोरडे, म्हणजे सोल्डर नीट न धरलेले, बसणारच, स्टेशन घेतलं तरी.

राहिला स्कोप. तुम्ही लिहिलंत की घ्यायचाच तर जुन्या बाजारात सीआरओ, म्हणजे ट्यूबचा जुना स्कोप, मिळतो. मिळतो. मीही एका रविवारी २,५०० ला घेतला. विक्रेत्याने प्लग लावून दाखवला, हिरवी रेघ दिसली, मी खूश. घरी आणल्यावर अर्ध्या तासात गरम झाला आणि रेघ विरघळली. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, आणि आतल्या ट्यूबच्या हजार-दोन हजार व्होल्टला हात घालायची माझी छाती नाही. सध्या त्यावर कुंडी आहे. कोणी घेणारच असेल तर किमान वीस मिनिटं चालू ठेवायला सांगा, समोरच्या 'कॅल'च्या खुंटीला प्रोब लावून चौकोनी वेव्ह बघा, आणि प्रत्येक नॉब फिरवून रेघ थरथरते का ते पाहा.

पण सीआरओला जे जमत नाही ते एकदाच घडणारं. माझ्या गॅलरीतल्या झाडांना पाणी घालणारं सर्किट मोटर सुरू झाली की रीसेट व्हायचं. मीटर म्हणायचा ५.०२ व्होल्ट, कारण तो सेकंदाला दोन-तीनदाच बघतो. डिजिटल स्कोपने ती एकच बुडी पकडून पडद्यावर धरून ठेवली: पंधरा मिलिसेकंदांसाठी सप्लाय अडीच व्होल्टवर. त्या सर्किटमधला छोटा कंट्रोलर बोर्ड, आर्डुइनो उनो, सप्लाय २.७ व्होल्टच्या खाली गेला की रीसेट होतो. मोटरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, मोटरची तार वेगळी ओढली, संपलं. तुम्ही न बघताच म्हणाला असतात, "मोटरशेजारी कंडेन्सर टाक." मला माहीत आहे. मला त्यासाठी दोन रविवार आणि २२ हजार लागले.

म्हणून स्कोप आता यादीत नाही. मीटरने उत्तर मिळत नाही असा स्वतःचा एक प्रश्न हातात आला की मग घ्यावा. आणि नवशिक्याने तो टीव्हीच्या पॉवर सप्लायवर तर मुळीच लावू नये. प्रोबची अर्थची क्लिप आतून थेट प्लगच्या तिसऱ्या पिनला जोडलेली असते. ती ब्रिजच्या मागच्या निगेटिव्हला लावली की माझा शनिवार पेठेतला प्रयोग पुन्हा, या वेळी २२ हजारांच्या वस्तूसकट. काही जण त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थ पिन कापतात. मग स्कोपच्या सगळ्या बॉडीतच करंट येतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सशी थेट जोड तोडणारा) लागतो, तो स्कोपला नाही, दुरुस्तीच्या सेटला.

लेखातली बेरीज खोडली आहे. पहिल्या खरेदीत आता आयर्न, सोल्डर, दोनशेचा मीटर, एलएम३१७, मूठभर रेझिस्टर एवढंच आहे, हजाराच्या आत. सीरिज बल्ब तुमच्या नावावर घातलाय, पण बऱ्या मीटरच्या खाली, कारण तोही मेन्सचाच मामला.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या मीटरच्या डायलवर खाली कोपऱ्यात डीसीसाठी २० हजार ओहम पर व्होल्ट लिहिलंय की २ हजार? चष्मा लावून बघून कळवा. २ हजार असेल तर वरच्या प्रयोगात काटा ०.१७ वर थांबेल, आणि मग मला वरचा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल.