खुलासा : कमी वेगाच्या इलेक्ट्रिक कारलाही नियम लागतात

‘ताशी ४० किलोमीटरच्या आतली छोटी इलेक्ट्रिक कार कुठल्याही वर्कशॉपमध्ये बनवा, तिला कुठेच नियम नाहीत,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकेत १९९८ पासून अशा गाड्यांना वेगळं सुरक्षा मानक आहे. सीटबेल्ट, आरसे, हेडलाइट, पार्किंग ब्रेक सक्तीचे. युरोपातही ताशी ४५ किलोमीटर वेगमर्यादेच्या गाड्यांच्या गटाला मंजुरी घ्यावीच लागते. नियम मोठ्या कारपेक्षा हलके आहेत, एवढंच खरं.

चॅसिस, सीट, वायरिंग स्थानिक पातळीवर उत्तम जमतं, आणि ते व्हावंच. पण बॅटरी जपून. लिथियमचा एकच सेल जास्त चार्ज झाला तरी पेट घेऊ शकतो. केबलचा नट सैल राहिला तरी तो जोड तापून वितळू शकतो. सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) ही यंत्रणा वगळून पैसे वाचवू नका.