आतड्याच्या ऑपरेशननंतर ‘सव्वा महिना पडून राहा’? कुणी सांगितलं?

‘आतड्याचं ऑपरेशन झालंय? मग हे सात नियम पाळाच’ असा एक मजकूर सध्या रायगडपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सव्वा महिना अंथरूण सोडायचं नाही. पहिले पंधरा दिवस फक्त शहाळ्याचं पाणी. मासे-अंडी बंद, त्यानं टाके पिकतात. तिसऱ्या दिवसापर्यंत पोट साफ झालं नाही तर चमचाभर एरंडेल. पोटावर पिशवी (आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला लावलेली, मळ गोळा करायची) असेल तर खाणंपिणं कमी करा, म्हणजे ती कमी भरेल. जखमेला महिनाभर पाणी लावू नका, हळद आणि खोबरेल लावा. आणि थोडाफार ताप यायचाच, उगाच हॉस्पिटलात धावू नका.

सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून मी सगळी नोकरी केली, त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवेना. यातला सगळ्यात मोठा दोष कुठल्याच नियमात नाही, तो त्यांच्या आधी आहे. आतड्याचं ऑपरेशन म्हणजे नेमकं कुठल्या आतड्याचं? लहान आतड्याचा तुकडा काढला, की मोठ्या आतड्याचा उजवा भाग, की गुदाशय? दोन टोकं आत जोडली, की पोटावर पिशवी आली? आणि आली तर लहान आतड्याची, की मोठ्या? अन्नातलं मीठ-पाणी शोषून मळ घट्ट करायचं काम मोठं आतडं करतं. ते शाबूत असलेल्या माणसाचा आहार आणि ते वापरातच नसलेल्या माणसाचा आहार एक असूच शकत नाही. हे न विचारता सल्ला देणारा माणूस वैद्य असो की शेजारी, त्याचं ऐकू नये.

आता सव्वा महिना. घरी आलेल्या पेशंटला आपल्याकडे मायेनंच झोपवतात. ‘गप पडान रव, टाके उसवतले’ हे वाक्य किती घरांत ऐकलं असेल मी! पण पडून राहिल्यानं टाके वाचत नाहीत, बाकीचं शरीर मात्र बिघडतं. पायांच्या शिरांत रक्त गोठतं, तीच गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. मांड्यांचे स्नायू काही दिवसांतच ओसरू लागतात, आणि वय सत्तरच्या पुढे असेल तर ते परत मिळवायला महिने लागतात. आतडंसुद्धा हालचालीनं लवकर जागं होतं. 1990 च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट या सर्जननी आतड्याच्या पेशंटांना ऑपरेशनच्या दिवशीच उठवून बसवायला, चालवायला आणि लवकर खायला घालायला सुरुवात केली. आठ-दहा दिवस वॉर्डात राहणारी माणसं दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागली. आज जगभरच्या पुष्कळ सर्जरी विभागांत हीच रीत आहे. तुमच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी सिस्टरनी ‘उठा, चला’ म्हणून कटकट केली ना, ती यासाठीच. कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर पुष्कळदा रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं पोटाच्या कातडीत चार आठवडे घ्यायला सांगतात. घरी आल्यावर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती मध्येच सोडू नका.

गंमत म्हणजे सव्वा महिन्याचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. फक्त तो झोपण्यासाठी नाही, वजन उचलण्यासाठी आहे. कातडीचे टाके दहा-चौदा दिवसांत निघतात, पण पोटाच्या भिंतीचा आतला मजबूत पडदा सहा आठवड्यांनीसुद्धा साधारण निम्म्याच ताकदीला आलेला असतो. म्हणून किमान सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. विहिरीवरची भरलेली कळशी सहज दहा किलोंची होते. रहाट ओढणं, गॅसचा सिलिंडर सरकवणं, नातवाला कडेवर घेणं, लावणीच्या दिवसांत तरव्याच्या मुठी वाहणं, हे सगळं बंद. चालणं मात्र बंद नाही. खळ्यात, पडवीत, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पाखाडीच्या पायऱ्यासुद्धा हळूहळू चढता येतात, फक्त पावसात जांभ्यावर शेवाळ असतं तेव्हा पडवीच बरी. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, कोपरावर जोर द्या, पाय खाली सोडा. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरा. स्कूटर, तीही आपल्या रस्त्यांवर, सर्जननी हो म्हणेपर्यंत नाही.

एरंडेलाचा नियम या यादीत सगळ्यात धोक्याचा. ऑपरेशननंतर आतडी काही काळ सुस्तावतात. लहान आतडं साधारण दिवसाभरात, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठं आतडं दोन-तीन दिवसांत हलायला लागतं. आधी वारा सरतो, मग शौचाला होते. त्यात ऑपरेशनपूर्वी पोट रिकामं केलेलं असेल आणि दोन दिवस खाणंही नसेल, तर बाहेर पडायला आत असतं काय? चौथ्या-पाचव्या दिवशी शौचाला झाली तरी बिघडलं असं नाही. एरंडेल आतड्याला जोरात पिळायला लावतं, आणि नवी जोड सर्वात नाजूक असते ती याच पहिल्या आठवड्यात. मळ अडण्याचं कारण कधीकधी ट्रॅमाडॉलसारखी वेदनेची गोळी असते. तेव्हा डॉक्टर गोळी बदलतात किंवा सौम्य सारक देतात. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, अशा माणसाला कुठलंच सारक द्यायचं नाही. तो हॉस्पिटलचा पेशंट आहे. (जेवणानंतर साधं च्युइंग गम चघळल्यानं आतडी थोडी लवकर जागी होतात असं अभ्यासांत दिसलंय. वॉर्डात हे सांगितलं की लोक हसायचे.)

शहाळ्याबद्दल बोललं की आपल्याकडे माणसं दुखावतात, म्हणून आधीच सांगते: शहाळं वाईट नाही. मोठं आतडं शाबूत असलेल्या, किडनी ठीक असलेल्या माणसानं दिवसाला एक प्यायलं तर आनंद आहे. पण पंधरा दिवस फक्त तेच? त्यात प्रथिनं जवळपास नाहीत. ऑपरेशननंतर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पंचावन्न किलोंच्या बाईला पासष्ट ते ऐंशी ग्रॅम. जखम भरून यायची ती यातूनच. दुसरी गोष्ट, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं. किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा गोळ्या चालू असतील, तर अंगात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळ्यामागून शहाळं पिऊ नये.

आणि प्रथिनं येणार कुठून? मजकूर ज्यावर बंदी घालतो त्यातूनच. अंड्यात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या आसपास. टाके पिकतात ते जंतूंमुळे. मधुमेह ताब्यात नसणं, विडी-सिगारेट, कुपोषण यांनी तो धोका वाढतो. बांगडा खाऊन पू होत नाही. आपल्या आज्या बाळंतिणीला मुडदुशे देत आल्या, मऊ, पचायला हलके म्हणून. तीच मुडदुशी बिनतिखटाच्या कालवणात, काटे नीट काढून, ऑपरेशनच्या पेशंटला का नकोत? पापलेट उकडून द्या. मासे न खाणाऱ्यांना मूगडाळीचं वरण, दही, पनीर. आणि पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली पेज हे आपल्याकडचं पथ्य खरोखर उत्तम आहे, आणि या सात नियमांत नेमकं तेच नाही! पहिले काही आठवडे थोडं थोडं, पाच-सहा वेळा खावं. तळलेलं, झणझणीत आणि फार चोथ्याचं मागाहून, डॉक्टर सांगतील तसं.

पिशवीवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. पोटावरची पिशवी मोठ्या आतड्याची असेल तर मळ बराचसा घट्ट येतो आणि आहार हळूहळू नेहमीसारखा होतो. लहान आतड्याची असेल तर गोष्ट पार वेगळी. पातळ स्राव दिवसभर येतो, आणि त्याच्या दर लिटरबरोबर भरपूर मीठ अंगातून जातं. अशा पेशंटला ‘कमी प्या’ सांगणं म्हणजे त्याला किडनी बंद पडण्याच्या वाटेवर लावणं. ही पिशवी लागलेली माणसं परत ॲडमिट होतात त्याचं एक मोठं कारण अंगातलं पाणी आटणं, हेच असतं. उलट बाजूही लक्षात घ्या: नुसतं साधं पाणी किंवा शहाळं तांब्यावर तांबे प्यायलं तर कमी मिठाचं ते पाणी आतड्यात आणखी मीठ ओढून घेतं आणि पिशवी अधिकच भरते. उपाय म्हणजे ओआरएस, घोट घोट. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज आणि मिठाचं द्रावण पाजून कॉलऱ्याची माणसं वाचवली, ते याच तत्त्वावर. ग्लुकोज बरोबर असलं की लहान आतडं मीठ आत घेतं, आणि मिठामागून पाणी जातं. खारट पेज उपयोगी पडते तीही त्यामुळेच, शिवाय भातानं स्राव थोडा दाट होतो. घरात एक मापाचा जग वेगळा ठेवा आणि चोवीस तासांचा स्राव मोजा. दीड लिटरच्या वर जायला लागला, लघवी गडद आणि कमी झाली, उठताना चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

याच पेशंटांसाठी कोकणातला खरा शत्रू आहे ओलं खोबरं. आपल्या भाजीवर, उसळीवर, पोह्यांवर ते असतंच, पण त्याचा कीस आतड्यात विरघळत नाही आणि पोटाच्या भिंतीतून बाहेर येणाऱ्या अरुंद तोंडाशी गोळा होऊन अडकतो. पहिले सहा ते आठ आठवडे किसलेलं खोबरं, फणस, काजू, मक्याचं कणीस, पावसाळ्यातली अळंबी, अननस यांना सुट्टी. नारळाचं गाळलेलं दूध चालतं. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा, चावून चावून. स्राव एकाएकी थांबला, पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या तर अडकलंय असं समजा आणि निघा.

उकाड्याबद्दलही एक. मे महिन्यात आपल्याकडे घामानं पिशवीची कातडीला चिकटणारी चकती लवकर सुटते, त्यामुळे मुंबईच्या एसी वॉर्डात सांगितलेल्या दिवसांपेक्षा आधी बदलावी लागली तर घाबरू नका. सकाळी काही खायच्या आधी बदला, तेव्हा स्राव सर्वात कमी असतो. एकतृतीयांश भरली की रिकामी करा. नव्या पिशव्या पत्र्याखाली तापणाऱ्या खोलीत ठेवू नका.

जखमेचं लवकर उरकते. टाके घातलेल्या साध्या जखमेवरून अठ्ठेचाळीस तासांनंतर वाहतं पाणी गेलं तर चालतं. अंघोळ करा, स्वच्छ पंचानं टिपून कोरडं करा. नदीत, तळ्यात, समुद्रात डुंबणं आणि शेतातला चिखल मात्र जखम पूर्ण मिटेपर्यंत नको. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि तेलानं जखम ओलसर राहते. दोन्ही नकोत.

आता शेवटचा नियम, ‘ताप यायचाच’. आतली जोड गळायला लागली तर ते बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं, म्हणजे पुष्कळदा पेशंट घरी आल्यावर. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, नाडी जलद, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, पोट फुगणं, उलट्या, जखमेतून पू किंवा मळासारखा स्राव, एका पायाची पोटरी सुजणं, अचानक धाप लागणं. यातलं एकही दिसलं तर थांबू नका. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर गोळी घ्यायच्या आधी ताप मोजा, नाहीतर तो झाकला जातो.

आपली अडचण अंतराची आहे. ऑपरेशन होतं मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला, आणि पेशंट असतो वाडीत. रत्नागिरीहून कोल्हापूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मध्ये आंबा घाट, आणि पावसात दरड कधी येईल सांगता येत नाही. म्हणून ‘सकाळपर्यंत बघू’ हा विचार इथे शहरापेक्षा महाग पडतो. आधी 108 ला फोन, जवळच्या मोठ्या रुग्णालयात सलाइन आणि तपासणी, आणि तिथूनच ऑपरेशन केलेल्या सर्जनशी बोलणं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. फोनवर डॉक्टर पहिल्यांदा विचारतील: ऑपरेशन होऊन किती दिवस झाले, कुठलं आतडं काढलं, आत जोड आहे की बाहेर पिशवी, ताप किती, शेवटचा वारा कधी सरला. ही उत्तरं एका कागदावर लिहून फोनजवळ लावून ठेवा.