पायलटच्या मागं किती माणसं असतेत बगा

नव्या विमानाच्या टेस्ट फ्लाइटवरचा तुमचा लेख चांगलाय, पण टेस्ट फ्लाइट म्हणलं की सगळं कौतुक पायलटलाच, खालच्या लोकांचं दोन ओळीत उरकलंय. आपलं तेजस लढाऊ विमान ४ जानेवारी २००१ ला बेंगळुरूत पहिल्यांदा उडालं तेव्हा कॉकपिटमधी विंग कमांडर राजीव कोठियाल एकटेच होते, मान्य, पण टेस्टिंगमधी विमानाला ठिकठिकाणी सेन्सर लावलेले असतेत आणि पंख किती थरथरतोय, इंजिन किती तापलंय ते टेलिमेट्रीनं, म्हणजे रेडिओवरून आकडे पाठवून, खाली जमिनीवरच्या स्क्रीनवर येतंय, आकडा जरा हद्दीबाहेर गेला की तिथला इंजिनियर रेडिओवर टेस्ट थांबवायला लावतो, म्हणजे ब्रेक खालीच की ओ! परत लेहसारख्या दहा हजार फुटावर थंडीत इंजिन चालू होतंय का बगायचं तर मेकॅनिक, सुटे भाग, इंधन, सगळा संसार तिकडं न्यावा लागतो. धावपट्टीवरचे खडे वेचणारे, पक्षी हाकलणारे, फायरवाले तर कुठंच दिसत नाहीत. आपल्या सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावर कुणी विचारतंय का त्यांना, सगळे मुंबईचं विमान कधी एवढंच विचारतेत 😄

आणि एअरफोर्सची विमानं दुरुस्त ठेवणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर नागपूरला, सुखोई लढाऊ विमानं ओव्हरहॉल करणारा ११ बीआरडी (बेस रिपेअर डेपो) नाशिकजवळ ओझरला, हे मराठी लेखात यायलाच पाहिजे होतं. आमच्या पोरांना एअरफोर्स म्हणलं की फक्त पायलटच माहीत, टेक्निकल ब्रँचवर एक वेगळा लेख टाका राव.